ढोल परत आला, नाद परतला नाही

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी नॉर्वेच्या संसदेने आपल्याच देशातील सामी, क्वेन आणि वन-फिन या समाजांची जाहीर क्षमा मागितली. शंभर वर्षांहून अधिक काळ राज्यसंस्थेने या समाजांवर जे 'नॉर्वेजियनीकरण' लादले, त्यामुळे त्यांच्या भाषा, चालीरीती आणि आत्मसन्मान यांची झालेली हानी संसदेने मान्य केली. त्यापूर्वी संसदेनेच २०१८ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन व समेट आयोगाने १ जून २०२३ रोजी आपला प्रदीर्घ अहवाल सादर केला होता. दरवर्षी डिसेंबरात ओस्लोमध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक देणारा आणि मानवी हक्कांवर जगाला चार गोष्टी सुनावण्यात कधी मागे न राहणारा हा देश. त्याला आपल्या घरातील हिशेब मांडावयास एकविसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. तरीही त्याने तो मांडला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. अशी कबुली न देता शेजाऱ्याच्या घरात डोकावणारी राष्ट्रे युरोपात अजूनही पुष्कळ आहेत.

परंतु संसदेत वाचल्या गेलेल्या क्षमेने काय परत मिळते आणि काय मिळत नाही, हे पाहावयाचे असेल तर ओस्लो सोडून उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, फिनमार्कच्या पठारावरील काउतोकेनो या पालिकाक्षेत्रात जावे लागते.

क्षेत्रफळाने काउतोकेनो ही नॉर्वेतील सर्वांत मोठी पालिका आहे. विस्तार सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याहून अधिक. आणि लोकसंख्या तीन हजारांहूनही थोडी कमी. तीन चौरस किलोमीटरमागे एक माणूस! माणसांपेक्षा रेनडियरांची संख्या कित्येक पटींनी जास्त. हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही आणि पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. रेनडियरांचे कळप हिवाळाभर या पठारावर बर्फ उकरून आपल्या दगडफुलाच्या जातीचे शैवाक खातात आणि वसंतात गाभण माद्या पुढे घालून समुद्रकिनाऱ्याकडे निघतात. कळपांमागून माणसे निघतात. शतकानुशतके हे असेच चालत आले आहे. सामी भाषेतील गावाचे नाव गुओव्दागेआइद्नु. त्याचा अर्थच 'मधली वाट' असा आहे. १९८७ मध्ये हे नाव अधिकृत झाले तेव्हा सामी नाव अधिकृतपणे धारण करणारी ही नॉर्वेतील पहिली पालिका ठरली. म्हणजे गावाला स्वतःच्या नावाने ओळखले जाण्यासाठी स्वतंत्र नॉर्वेची ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली.

इथल्या बहुसंख्य घरांत आजही सामी बोलली जाते. या भाषेत बर्फासाठी शेकडो शब्द आहेत असे कौतुकाने सांगितले जाते. परंतु ते काही कवींचे लाड नव्हेत. 'गुओहतुन' या एका शब्दात, बर्फाचा थर किती, तो भुसभुशीत आहे की गोठून कडक झालेला, त्याखालचे शैवाक जनावराला खुराने उकरता येईल की नाही, हे सारे सामावलेले असते. तो शब्द गेला की कळप कोठे न्यावा हे सांगणारे ज्ञानही गेले. भाषा ही येथे पोटापाण्याचे शास्त्र आहे.

या समाजावरील पहिला आघात शाळेचा नव्हता, चर्चचा होता. सामींचा स्वतःचा धर्म होता. सूर्य, वारा, मेघगर्जना यांची उपासना होती. 'सेइदी' म्हणून पूजिले जाणारे विशिष्ट पाषाण होते. आणि घराच्या मध्यभागी, चुलीच्या खाली, साराक्का या मातृदेवतेचा वास मानला जाई. बाळंतिणीची ती राखण करी. हिंदू वाचकाला हे सारे वाचताना ओळखीचे काही दिसल्यावाचून राहत नाही. सामींना ओढून-ताणून आपले गोत्रज ठरविण्याचा उद्योग कोणी करू नये. पण ज्याच्या घरात चूल ही केवळ स्वयंपाकाची जागा नसते, त्याला सामींचे काय हरपले हे समजावून सांगावे लागत नाही.

या धर्माचा पुरोहित म्हणजे 'नोआइदी' आणि त्याचे साधन म्हणजे ढोल. रेनडियरच्या कातड्यावर सूर्य, देवता, पशू, माणसे यांची चिन्हे रंगविलेली असत. १६९१ मध्ये फिनमार्कच्या पूर्व भागात आन्दर्स पोलसेन या वृद्ध सामीजवळचा ढोल जप्त करण्यात आला आणि पुढच्या वर्षी वादसो येथे त्याच्यावर चेटुकाचा खटला चालला. त्याने न्यायालयात ढोलावरील एकेका चिन्हाचा अर्थ सांगितला. निकाल लागण्यापूर्वीच कोठडीत एका वेडसर माणसाने कुऱ्हाडीने त्याचा खून केला. ढोल कोपनहेगनला गेला. अठराव्या शतकाच्या आरंभी थोमास फोन वेस्तेन या पाद्र्याने सामींमध्ये मिशनची मोहीमच उघडली. चर्चच्या इतिहासात त्याला 'सामींचा प्रेषित' म्हणून गौरविले जाते. त्याच्या हाती आलेल्या ढोलांपैकी अनेक १७२८ च्या कोपनहेगनमधील आगीत भस्मसात झाले. आज साऱ्या जगात मिळून असे सुमारे सत्तर ढोल उरले आहेत, आणि तेही बहुतेक संग्रहालयांत. काउतोकेनोचे पहिले चर्च १७०१ चे; तेव्हा हा भाग स्वीडनकडे होता. १७५१ मध्ये सीमा आखली गेली आणि गाव डेन्मार्क-नॉर्वेच्या वाट्यास आले. राज्यकर्ते बदलले, परंतु चर्च दोन्हींकडे राजाचेच होते. प्रजेचा धर्म कोणता असावा हे राजाने ठरवावे, हा सिद्धांत युरोपने किती निष्ठेने राबविला याचा या पठारासारखा पुरावा दुसरा नाही.

पुढचा भाग मात्र सरळसोट नाही, आणि तो सोयीस्करपणे गाळला तर इतिहासाशी प्रतारणा होईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लार्स लेवी लेस्तादियस या सामी वंशाच्या स्वीडिश पाद्र्याने कडक आचारशुद्धीची चळवळ सुरू केली. दारूने सामी कुटुंबे उद्ध्वस्त होत होती. दारू विकणारे व्यापारी आणि त्यांना पाठीशी घालणारे अधिकारी यांच्याविषयी रोष साचला होता. त्यातच १८५२ च्या सप्टेंबरात रशियाच्या ताब्यातील फिनलंडची सीमा बंद झाली आणि काउतोकेनोच्या कळपांची पिढीजात हिवाळी कुरणे तुटली. ८ नोव्हेंबर १८५२ रोजी काही सामी स्त्री-पुरुषांनी गावातील व्यापाऱ्याला आणि पोलीस-अधिकाऱ्याला ठार मारले व पाद्र्याला फटके दिले. उठाव त्याच दिवशी मोडला. १४ ऑक्टोबर १८५४ रोजी आस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी या दोघांचा आल्ताजवळ शिरच्छेद झाला. धडे पुरली गेली. शिरे अभ्यासासाठी विद्यापीठाच्या शरीरशास्त्र-संग्रहाकडे धाडण्यात आली. 'हीन वंशां'च्या कवट्या मोजण्याचे ते युग होते. आपल्या पूर्वजांची शिरे परत मिळवून पुरावयास सामींना १९९७ पर्यंत थांबावे लागले.

त्याच उठावात लार्स हेत्ता नावाचा तरुण होता. वय लहान म्हणून त्याची फाशी टळली. तुरुंगात बसून त्याने बायबलच्या सामी भाषांतराच्या कामास हातभार लावला आणि १८९५ मध्ये संपूर्ण बायबल सामीत प्रसिद्ध झाले. लेस्तादियसच्या अनुयायांच्या सभांतही सामीच बोलली जाई. ज्या पंथाने जोइक, म्हणजे सामींचे परंपरागत गायन, पाप ठरविले, त्याच पंथाच्या प्रार्थनासभांनी पुढे सरकारी शाळांच्या वरवंट्याखालून भाषा वाचविण्यास मदत केली. देव बदलला गेला. त्याला हाक मारण्याची भाषा मात्र राहिली. हा गुंता उकलू पाहणाऱ्या सामी अभ्यासकांनाही तो नेहमी अवघड गेला आहे.

सरकारी शाळांचा वरवंटा हा त्यानंतरचा अध्याय. १८९८ च्या एका शासकीय आदेशाने शिक्षकांना बजावले, की अगदीच अपरिहार्य असेल तेथेच सामी शब्द वापरावा. १९०२ च्या भूविक्री कायद्याने फिनमार्कमधील सरकारी जमीन घेण्यासाठी नॉर्वेजियन लिहिता-बोलता येणे आणि ती रोजच्या वापरात असणे ही अट घातली. जमीन हवी तर भाषा सोडा! मग निवासी शाळा आल्या. सात वर्षांचे मूल आईपासून दूर, न समजणाऱ्या भाषेत वाढू लागले. सायंकाळी अंथरुणात कुजबुजतानाही आपली भाषा बोलायची चोरी. १९५९ च्या कायद्याने शाळेत सामीला पुन्हा वाव दिला, तोवर किनारपट्टीवरील कित्येक गावांत आईबापांनी मुलांशी सामीतून बोलणे स्वतःच थांबविले होते. १९३० च्या जनगणनेत सामी म्हणून नोंद असलेली कुटुंबे युद्धानंतरच्या १९५० च्या जनगणनेत मोठ्या प्रमाणावर नाहीशी झालेली दिसतात. माणसे तेथेच होती. त्यांनी स्वतःला सामी म्हणवून घेणे सोडले होते.

हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. कायदे सर्वांना सारखेच होते, शाळा सर्वत्र तशाच होत्या. मग किनाऱ्यावर भाषा गेली आणि काउतोकेनोत राहिली, हे कसे? किनाऱ्यावरचा सामी मच्छीमार नॉर्वेजियन शेजाऱ्यासोबत राहत होता, त्याच्याच बाजारात मासे विकत होता आणि त्याच्याच चष्म्यातून स्वतःकडे पाहावयास शिकला होता. पठारावरच्या रेनडियरपालकाचे तसे नव्हते. त्याची 'सीदा', म्हणजे एकत्र कळप राखणाऱ्या कुटुंबांची जुनी संस्था, शाबूत होती. पिलाच्या कानाला घातलेल्या विशिष्ट कापांवरून मालक ओळखला जाई. घरातील लहान मुलालाही स्वतःची खूण आणि स्वतःची जनावरे मिळत. शाळेतून सुटीला आलेले मूल कळपामागे गेले की त्याला सामीवाचून गत्यंतर नसे. शाळेने दहा महिने पुसावे आणि कळपाने दोन महिन्यांत पुन्हा गिरवावे, असा तो सामना होता. येथे जे टिकले ते धंदा, कुटुंब आणि भाषा यांची वीण उसवली नाही म्हणून टिकले. सरकारी क्षमा, आयोग, अनुदाने हे सारे नंतरचे.

किनाऱ्यावर ती वीण पुन्हा घालणे किती कठीण जाते, हे कोफ्योर्ड या किनारी पालिकेने दाखविले. १९९२ मध्ये सामी भाषाक्षेत्रात गणल्या गेलेल्या सहा पालिकांत तिचा समावेश झाला. तेथे लागलेल्या द्विभाषिक नामफलकावर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या गेल्या, तेही वारंवार. आणि हा राग बाहेरून आलेल्या कोणाचा होता असेही नाही. ज्यांच्या आजोबांनी सामी सोडली, अशांच्याच गावातला तो राग होता. ज्या लाजेने आजोबांना गप्प केले, ती लाज नातवापर्यंत अशी पोहोचते. कोणत्याही संसदेच्या ठरावाला ही गोष्ट काढून टाकता आलेली नाही.

काउतोकेनोला आपली ताकद कळली ती एका धरणामुळे. आल्ता नदीवरील जलविद्युत प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात याच पालिकेतील मासी हे सामी गाव बुडणार होते. विरोधामुळे गाव वगळले गेले, पण प्रकल्प रेटला गेला. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत संसदेसमोर आपले तंबू ठोकून उपोषण केले. १४ जानेवारी १९८१ रोजी सुमारे सहाशे पोलिसांनी कडाक्याच्या थंडीत साखळदंडांनी स्वतःला बांधून घेतलेल्या आंदोलकांना उचलून नेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि १९८७ मध्ये धरण पूर्ण झाले. लढा हरला. परंतु त्या पराभवाने नॉर्वेची सदसद्विवेकबुद्धी जागी केली. १९८८ मध्ये राज्यघटनेत सामींची भाषा, संस्कृती व समाजजीवन यांच्या रक्षणाचे कलम आले. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी राजे ओलाव्ह पाचवे यांनी कारासोक येथे सामी संसदेचे उद्घाटन केले आणि १९९७ मध्ये त्यांचे पुत्र राजे हाराल्ड यांनी त्याच संसदेत सामींची क्षमा मागितली. काउतोकेनोत १९८९ पासून सामी उच्चशिक्षण संस्था आहे. तेथे पदवीच नव्हे, संशोधनही सामी भाषेत होते. तीन हजार वस्तीच्या गावात, मातृभाषेत! मराठीत विज्ञान शिकविता येईल का यावर परिसंवाद भरविणाऱ्यांनी एकदा तेथील अभ्यासक्रम पाहून यावे.

भारताशी या कथेचा एक धागा जुळतो, आणि तो ठाऊक असणे आवश्यक आहे. ज्या काळात नॉर्वेचे सरकार आपल्या सामी मुलांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेत होते, त्याच काळात लार्स स्क्रेफस्रुड हा नॉर्वेजियन मिशनरी संथाल परगण्यात मिशन चालवीत होता. १८६७ मध्ये बेनागडिया येथे त्याचे काम सुरू झाले. १८७३ मध्ये त्याने संथालीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच मिशनमधील पाउल ओलाफ बोडिंग याने पुढे संथालीचा पाच खंडांचा कोश सिद्ध केला. ही कामे विद्वत्तेची आहेत आणि संथाली भाषेच्या अभ्यासकाला आजही ती उपयोगी पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या विद्वत्तेचे प्रयोजन मतांतरण हे होते, हेही मिशनने कधी लपविले नाही. मायदेशी भाषा मारायची ती राष्ट्र एक करण्यासाठी, परदेशी भाषा शिकायची ती श्रद्धा बदलण्यासाठी; दोन्हीकडे वनात वा पठारावर राहणाऱ्या माणसाला स्वतःचे असे काही राखण्याजोगे आहे, हे गृहीतच धरलेले नव्हते. मात्र हे सांगताना आपल्याकडील छात्रावासांनाही एक प्रश्न विचारावा लागेल. श्रद्धा जपली पाहिजे हे आपण पक्के धरले आहे. पण वसतिगृहात आलेले कोरकू वा माडिया मूल रात्री दिवा मालवल्यावर शेजारच्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, आणि त्या भाषेत बोलताना ते दचकते का, हे कार्यकर्त्यांनी कान देऊन ऐकले पाहिजे. निवासी शाळा सद्हेतूने चालविली तरी ती निवासी शाळाच असते.

क्षमा मागून झाल्यावरही काउतोकेनोपुढचे प्रश्न सुटलेले नाहीत. योव्सेत आन्ते सारा या येथील तरुण रेनडियरपालकाला सरकारने आपला कळप ७५ जनावरांवर आणण्याचा आदेश दिला. तेवढ्यावर उपजीविका अशक्य आहे असे त्याचे म्हणणे होते. खालच्या दोन न्यायालयांत तो जिंकला आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याच्या बहिणीने, कलावंत मारेत आन्ने सारा हिने, गोळीच्या भोकासह शेकडो रेनडियर-कवट्यांचा पडदा संसदेसमोर टांगला. कुरणे अतिचराईने उजाड होतात, असे सरकार सांगते. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. पण कुरणे आक्रसण्यास रस्ते, विजेच्या तारा आणि खाणी किती जबाबदार, याचा हिशेब मात्र कधीही पालकाच्या जनावरांइतका काटेकोर होत नाही.

आणि आता 'हरित' विकासाचे नवे पर्व आले आहे. दक्षिणेकडील फोसेन येथील १५१ पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. पवनचक्क्या मात्र निकालानंतरही फिरतच राहिल्या. एके काळी सुधारणेच्या नावाने ढोल नेले, मग राष्ट्राच्या नावाने भाषा नेली, आता पृथ्वी वाचविण्याच्या नावाने कुरण मागितले जाते. मागणारा दरवेळी पुरोगामीच असतो. काउतोकेनो पालिकेने मात्र बिएद्योवाग्गी येथील तांबे-सोन्याची जुनी खाण पुन्हा उघडू पाहणाऱ्या कंपनीला २०१२ मध्ये नकार दिला. नोकऱ्यांची निकड असलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या पालिकेने असे करावे, यावर गावातही मतभेद होते. तरी निर्णय गावाने घेतला, ओस्लोने नव्हे.

आन्दर्स पोलसेनचा ढोल १९७९ मध्ये उसना म्हणून कारासोकच्या सामी संग्रहालयात आला आणि २०२२ मध्ये डेन्मार्कने त्याची मालकीही सामींना दिली. जप्तीनंतर ३३१ वर्षांनी तो घरी आला. तो काचेआड आहे. त्यावरील प्रत्येक चिन्हाचा अर्थ कागदावर उपलब्ध आहे, कारण ज्यांनी त्या वृद्धावर खटला भरला त्यांनीच तो लिहून ठेवला. ढोल वाजविण्याची परंपरा मात्र पिढ्यांमागेच खंडित झाली, आणि ती कोणाकडूनही उसनी आणता येत नाही.

जोइकचे नशीब वेगळे ठरले. चर्चने ते पाप ठरविले, शाळांतून त्याला मज्जाव होता. पण ते गळ्यात होते, कोणाला जप्त करता आले नाही. बर्फात कळपामागे एकटा चालणारा माणूस ते गुणगुणत राहिला. आज काउतोकेनोत ईस्टरच्या उत्सवात जोइकची स्पर्धा होते आणि सारे गाव पारंपरिक वेषात ती ऐकावयास लोटते. २०२४ मध्ये गावात चोआर्वेमात्ता ही नवी वास्तू उभी राहिली. नावाचा अर्थ शिंगाचे मूळ, शिंगाचा सर्वांत भक्कम भाग. तिच्यात सामींचे राष्ट्रीय रंगमंदिर आणि रेनडियरपालनाचे शिक्षण देणारी माध्यमिक शाळा एकाच छताखाली आहेत. एका दालनात नाटकाच्या तालमी चालतात आणि जवळच्याच वर्गात मुले कळप राखण्याची विद्या शिकतात.